इंजिन बदलले, पण डिझेल पोहोचते का?

आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या कपडा व्यापारी बांधवांचे अर्धे भांडवल गाठोड्यात आणि अर्धे गाडीत गुंतलेले असते. मालेगावचा माल घेऊन सटाणा, कळवण, देवळ्याचा बाजार गाठायचा, तर सकाळी गाडी चालू झालीच पाहिजे. नवी पिकअप घेण्याची ऐपत नसलेले बांधव जुनी जीप किंवा टेम्पो घेतात आणि इंजिन थकले की दुसरे जुने इंजिन बसवून घेतात. इंजिन बसते, सुरूही होते आणि आठ-पंधरा दिवसांत तक्रारी येऊ लागतात. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. राहूडच्या घाटात गाडी दम तोडते आणि सपाटीवर आली की पुन्हा बरी चालते. मिस्त्री म्हणतो, पंप गेला. पंप उतरवून कॅलिब्रेशनला जातो, नोजल टेस्टिंगला जातात, पैसे खर्च होतात आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

कपड्याच्या धंद्यातला माणूस इंजिनाबद्दल का लिहितो, असे कोणी विचारील. लूमवर बाण्याचा धागा सारखा तुटू लागला, तर शहाणा कारागीर लगेच लूम खोलत नाही. आधी कांडी पाहतो, मग धोटा पाहतो, धागा ज्या वाटेने येतो ती वाट तपासतो. डिझेलचेही तसेच आहे. बदललेल्या इंजिनाच्या बऱ्याच तक्रारी पंपात नसतात, टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत असतात, आणि ती वाट तपासायला फारसा खर्च येत नाही.

या तक्रारीचे मूळ जुने आहे. पेट्रोलपेक्षा डिझेल बरेच स्वस्त होते, त्या काळात अनेकांनी पेट्रोल जीपला आणि अॅम्बेसेडरला मॅटाडोरसारखे डिझेल इंजिन बसवून घेतले. ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरील नियंत्रण काढले आणि त्या सौद्यातला मोठा फायदा संपला. पण तेव्हा बदललेल्या गाड्या हातोहात विकल्या गेल्या आणि त्यांच्यातले दोषही सोबत गेले. कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीत टाकीपासून इंजिनाकडे साधारण एकच नळी जाते. डिझेल इंजिनाला दोन लागतात. पंप इंजिनाच्या गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेले रिटर्न पाइपने टाकीत परत पाठवतो. नोजलमधून झिरपलेले डिझेलही त्याच वाटेने परत जाते. जुन्या टाकीला रिटर्नचे तोंडच नसते. टाकी उतरवून, धुऊन, वेल्डिंग करून नवे तोंड बसवणे कटकटीचे काम, म्हणून काही मिस्त्री रिटर्नला टी जोडून तो सप्लायच्याच नळीत सोडतात. पहिल्या दिवशी काही कळत नाही. पुढे तेच गरम डिझेल आणि तीच हवा गोल गोल फिरत राहते, हवेला बाहेर पडायला जागा नसते. अशी टी सापडली, तर आणखी तपासणी करण्याआधी ती काढावी आणि रिटर्न सरळ टाकीत न्यावा. टाकीत त्याचे तोंड सप्लायच्या नळीपासून लांब ठेवावे, नाहीतर रिटर्नचे बुडबुडे सप्लाय पुन्हा ओढून घेतो. एक इशारा द्यायलाच हवा: पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. आतून नीट धुतल्याशिवाय आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय तिच्याजवळ वेल्डिंगची ठिणगी नेऊ नये.

आता तपासणीचा क्रम. सेल्फ मारताना कोणाला तरी सायलेन्सरकडे पाहायला सांगा. अजिबात धूर येत नसेल, तर डिझेल नोजलपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. तेव्हा हीटर प्लग, टायमिंग आणि कॉम्प्रेशनकडे पाहावे. डिझेल पोहोचत नसेल, तर आधी स्टॉपची केबल पूर्ण मागे जाते का ते पाहा. ज्या पंपावर विजेचा स्टॉप असतो, तिथे चावी सेल्फवर असतानाही त्या तारेत करंट राहतो का, हे दिव्याने तपासा. पेट्रोल गाडीची जुनी वायरिंग तशीच वापरली असेल, तर नेमका याच क्षणी करंट तुटू शकतो आणि दोष मात्र पंपाच्या माथी मारला जातो.

यानंतरची परीक्षा सगळ्यात उपयोगी आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घ्या. कॅन पंपापेक्षा उंच जागी घट्ट बांधा. फीड पंपाच्या तोंडाला येणारी गाडीची नळी सोडवून तिथे कॅनची नळी लावा आणि रिटर्नही कॅनमध्येच सोडा. हवा काढून इंजिन उभ्या गाडीत चालवा. इंजिन व्यवस्थित चालले, रेसवरही दम धरला, तर दोष मागे आहे: टाकी, नळी, जोड, झाकण. तरीही तक्रार राहिली, तरच फीड पंप, फिल्टर, इंजेक्शन पंप आणि नोजल यांच्याकडे जावे. एवढी चाचणी केल्याशिवाय पंप उतरवू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष मागे निघाला, तर बहुतेकदा गाडी हवा घेत असते. ओढणाऱ्या बाजूची नळी चिरली तर डिझेल थेंबथेंब गळेलच असे नाही. पंप ओढतो तेव्हा बाहेरची हवा आत शिरते आणि जमीन कोरडीच राहते. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल मागे टाकीत उतरते, म्हणून सकाळी त्रास आणि दुपारी आराम. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता लावला, तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. जुने रबरी पाइप, सैल क्लिपा आणि पुन्हा पुन्हा वापरलेले तांब्याचे वायसर बदलावेत. वायसर चार पैशांचा असतो आणि त्याच्यासाठी हजारो रुपये गेलेले पाहिले आहेत.

घाटात दम तोडणाऱ्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी. तिथे हवेपेक्षा वाट अरुंद असण्याची शक्यता जास्त. पेट्रोलचा छोटा प्लास्टिक फिल्टर किंवा जुना पेट्रोल पंप वाटेतच राहून गेला का ते पाहा. जुन्या पेट्रोल टाकीतला गंज आणि चिकट थर सुटून जाळी व फिल्टर बंद करतात. टाकीच्या झाकणाचे भोक बुजले असेल, तर टाकीत निर्वात होतो आणि डिझेल येईनासे होते. गाडी दमली की झाकण सैल करा. सुस्कारा ऐकू आला आणि गाडी चालू लागली, तर दोष सापडला.

हवा काढताना क्रम पाळावा. फीड पंपाचा हँड प्रायमर मारत आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबले की कसावा. गरज पडली, तर शेवटी नोजलच्या पाइपचे नट सैल करून सेल्फ मारावा. पण हे फक्त जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनासाठी. कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्या वर जातो, तिथे चालू इंजिनावर नट सैल करणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. जुन्या इंजिनातही नोजलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नये, तो कातडी भेदून आत जातो. रोटरी पंप तर आतून डिझेलनेच वंगण घेतो. तो कोरडा फिरवला किंवा त्यात पेट्रोल गेले, तर तो खरोखरच खराब होतो.

मायको कंपनी, जिचे नाव 2008 मध्ये बॉश झाले, तिचा नोजल आणि इंजेक्टरचा कारखाना आपल्याच नाशकात आहे. एखादा सर्कल आजही मायकोच्या नावाने ओळखला जातो. तेव्हा पंप-नोजलची खरीच गरज पडली, तर जाणकार माणसे इथे मिळतात. त्यांना कॅनच्या चाचणीत काय दिसले ते सांगा, त्यांचेही काम सोपे होते.

आता हिशेबाची बाब. 1988 च्या मोटर वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेतील फेरबदलांवर बंधन घालते. इंजिन त्याच जातीचे बसवले, तरी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद लागते. नंबर जुळला नाही, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. मिस्त्रीशी ठरवताना इंजिनाच्या किमतीबरोबर टाकी, नवी सप्लाय नळी आणि स्वतंत्र रिटर्न हेही चिठ्ठीवर लिहून घ्यावे. गाडी विकताना तिचा ऐब खरेदीदाराला सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि सप्लायमधली टी हा ऐबच आहे. अशी गाडी विकत घेणाऱ्याने दुपारी गॅरेजमध्ये गरम इंजिन पाहून सौदा करू नये. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्वतः सेल्फ मारून पाहावी, चाकाखाली वाकून रिटर्न पाइप टाकीपर्यंत जातो का ते पाहावे आणि मगच बयाणा द्यावा.