कृत्रिम खुब्याची कसोटी

मांडीच्या हाडाचें गोल टोंक कमरेच्या हाडांतील वाटीसारख्या खळग्यांत फिरतें, त्या सांध्यास आपण खुबा म्हणतों. तो झिजला म्हणजे शस्त्रवैद्य त्याच्या जागीं कृत्रिम गोळा व वाटी बसवितात. कांहीं सांध्यांत हीं दोन्ही कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचीं असतात. बैलगाडीच्या आसास वंगण लागतें, तद्वत् येथें शरीरांतील द्रवाचा पातळ थर धातूस धातूपासून वेगळें ठेवतो.

असा सांधा कितपत टिकेल, हें पाहण्यासाठीं तो यंत्रांत बसवून त्यास चालण्यासारखा भार व गति देतात. वंगण म्हणून वासराच्या रक्तापासून केलेलें पातळ द्रावण वापरतात. दहा लक्ष फेरे म्हणजे सुमारें एका वर्षाचें चालणें. असे ५० लक्ष फेरे करून, मधून मधून वजन घेऊन, झीज मोजतात.

पण ही झाली सोप्या वाटेची परीक्षा. आमच्या नगर येथें लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी संस्था आहे. गाडी गुळगुळीत सडकेवर धांवली एवढ्यावर तिची पारख पुरी होत नाहीं. खुब्याचेंही तसेंच आहे. वाटी फार उभी बसली, अथवा गोळा क्षणभर सुटून तिच्या कांठावर आदळला, तर द्रवाचा थर तुटतो, झीज अनेक पटींनीं वाढते व धातूचे सूक्ष्म कण भोंवतालच्या मांसास इजा करितात. म्हणून संशोधक आतां अशी बिकट स्थिति मुद्दाम निर्माण करून सांधा पारखतात.

याचें मोल रोग्यांनीं दिलें आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीनें 'ए. एस. आर.' नांवाचे सांधे ऑगस्ट २०१० मध्यें जगभरांतून परत मागविले. त्यांची वाटी उथळ असल्यामुळें भार सहज कांठावर येई. इंग्लंड व वेल्स येथील नोंदीप्रमाणें पांच वर्षांच्या आंत शेंकडा सुमारें १२ ते १३ सांधे बदलावे लागले. हिंदुस्थानांत असे सुमारें ४,७०० सांधे बसविले गेले होते. २०१८ सालीं केंद्र सरकारनें पीडितांसाठीं ३० लक्ष ते सुमारें सव्वा कोटि रुपये भरपाई ठरविली.

ज्या पालकांच्या घरीं कोणास कृत्रिम खुबा बसविला असेल, त्यांनीं त्याच्या नांवाचा व क्रमांकाचा कागद जपून ठेवावा. सांधा धातूवर धातूचा असून दुखूं लागल्यास शस्त्रवैद्यास दाखवावें. रक्तांतील कोबाल्ट व क्रोमियम मोजतां येतात. विद्यार्थ्यांनीं इतकेंच ध्यानांत धरावें कीं, ज्या वस्तूवर मनुष्याचें चालणें अवलंबून आहे, तिची परीक्षा अनुकूल स्थितींतच घेऊन थांबणें योग्य नव्हे.