दवाखान्यात राबणाऱ्याचा ताप आणि 'निगेटिव्ह' अहवाल

आपल्या वस्त्यांतून रोज पहाटे किती माणसे दवाखान्यांच्या कामावर निघतात! कोणी सफाई कामगार, कोणी आया, वॉर्डबॉय, नर्स, कोणी आशाताई. यांपैकी एखादीला कोरोनाच्या रुग्णाजवळ काम केल्यावर ताप येतो, घसा खवखवतो. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह येते. मुकादम म्हणतो, "काही नाही, उद्या ड्युटीवर या." घरचेही निर्धास्त होतात. फसगत होते ती इथेच.

अँटिजेन चाचणी नाकातल्या स्रावात विषाणूचे प्रथिन शोधते. ते भरपूर असेल तरच पट्टीवर रेघ उमटते. म्हणून पॉझिटिव्ह आली तर खरी मानावी. पण लक्षणे असताना निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करून घ्यावी. जून २०२० मध्ये या चाचणीला परवानगी देतानाच आयसीएमआरने ही अट घातली होती. घरी करायच्या संचालाही तीच लागू आहे.

आरटीपीसीआर जास्त बारकाईने शोधते, पण तिलाही योग्य दिवस लागतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये आधीच्या अभ्यासांतील आकडे एकत्र करून हिशेब मांडला. लागण झाल्यावर चौथ्या दिवशी चाचणी केली, तर १०० बाधितांपैकी सुमारे ६७ जणांचा अहवाल चुकीने निगेटिव्ह येतो. लक्षणे सुरू होतात त्या दिवशी सुमारे ३८ जणांचा, आणि आणखी तीन दिवसांनी सुमारे २० जणांचा. सोमवारी संपर्क आला आणि मंगळवारी चाचणी केली, तर त्या कागदाचा काडीइतकाही उपयोग नाही. संपर्कानंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास चाचणी करावी. लक्षणे दिसली तर लगेच; ती टिकून राहिली तर एक-दोन दिवसांनी पुन्हा.

लागण मात्र चाचणीसाठी थांबत नाही. लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, आणि लक्षणे सुरू होतात त्या सुमारास सर्वांत जास्त. वॉर्डात मास्क लावणारी माणसे डबा खाताना, चहा घेताना तो काढतात, हे विसरू नये. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात पंचवीसहून अधिक परिचारिका आणि काही डॉक्टर बाधित निघाले, तेव्हा सारे रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावे लागले.

आता दुसरी बाजू. ताप उतरला, अंगात बळ आले, तरी कंत्राटदार "निगेटिव्ह रिपोर्ट आणा" म्हणून अडवतो, आणि रोजंदारीवरच्या बाईचे खाडे वाढत जातात. चूल विझली तरी राख उरते, तसे मेलेल्या विषाणूचे अवशेष नाकात उरतात. आरटीपीसीआर तेही टिपते आणि काही आठवडे, कधी तीन महिनेही पॉझिटिव्ह येत राहते. सौम्य आजारात दहा दिवसांनंतर जिवंत विषाणू सहसा सापडत नाही. म्हणूनच मे २०२० च्या केंद्र सरकारच्या धोरणात सौम्य रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा चाचणी न करता घरी सोडायचे ठरले. जानेवारी २०२२ मध्ये सौम्य रुग्णाच्या घरच्या विलगीकरणाची मुदत, ताप नसण्याच्या त्याच अटीवर, पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवसांवर आणली गेली. आजार गंभीर झालेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तोवर थांबावे. त्यांच्यात वीस दिवसांपर्यंत संसर्ग राहू शकतो.

दहा बाय बाराच्या खोलीत वेगळे कुठे राहायचे, हा प्रश्न खराच आहे. रुग्णाची पथारी खिडकीजवळ घालावी, दार-खिडकी उघडी ठेवावी, घरात सर्वांनीच मास्क लावावा आणि वृद्धांना शक्य तितके दूर झोपवावे. धाप लागली किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर रुग्णालय गाठावे.

आणि एक काम पहिल्याच दिवशी करावे: लक्षणे कोणत्या तारखेला सुरू झाली, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यावे. पुढे कामावर हजर होताना मुकादमापुढे तीच तारीख दाखवावी.