डार्क रूम सांभाळताना

ऑप्टिक्सची डार्क रूम आता तुझ्या ताब्यात आली आहे, तर चार गोष्टी कानावर घालतो. यातल्या काही माझ्या सरांनी मला सांगितल्या, बाकीच्या मुलांची जर्नलं तपासताना कळल्या.

लॅबमध्ये शिरलीस की हजेरीच्या आधी सोडियमचा दिवा लाव. सुरुवातीला तो तांबूस दिसेल. तो आतल्या निऑनचा उजेड. सोडियमची वाफ होऊन खरा पिवळा रंग धरायला दहाएक मिनिटं जातात. पाऱ्याचा दिवा मधल्या सुट्टीत कुणाला बंद करू देऊ नकोस. गरम असताना तो पुन्हा लागत नाही आणि अख्खी बॅच हात बांधून बसते.

उत्तर चुकलं की मुलं ग्रेटिंगला नावं ठेवतात. ग्रेटिंगचा दोष क्वचित असतो, सेटिंगच कच्चं असतं. स्पेक्ट्रोमीटरची दुर्बीण आधी खिडकीबाहेर, लांबच्या पाण्याच्या टाकीवर फोकस करून घे. मग फोकसचा स्क्रू कुणी हलवायचा नाही. दुर्बीण स्लिटच्या सरळ प्रतिमेवर आण, तिथून नेमकी ९० अंश फिरवून घट्ट कर. आता ग्रेटिंगचं टेबल फिरवत ग्रेटिंगवरून परावर्तित झालेली प्रतिमा क्रॉसवायरवर घे आणि टेबल ४५ अंश वळव. इथे मुलं हमखास उलटीकडे वळवतात. मग ग्रेटिंगची कड उजेडाकडे होते आणि ‘मॅडम, काहीच दिसत नाही’ सुरू होतं. सेटिंग जमलं का हे पाहायचं तर डावीकडचा आणि उजवीकडचा कोन ताड. कोनाच्या दोन-तीन मिनिटांहून जास्त फरक असेल तर पुन्हा पहिल्यापासून. घड्याळाकडे बघू नकोस. सेटिंग पक्कं असेल तर रीडिंग पंधरा मिनिटांत उरकतात.

एका बाजूच्या रेषा वर सरकलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या खाली, असं दिसलं तर ग्रेटिंगवरच्या रेघा उभ्या नाहीत असं समज. ग्रेटिंगच्या पातळीत येणारा, टेबलाखालचा तिसरा स्क्रू थोडा फिरव. आणि सगळ्याच रेषांना आडव्या काळ्या चिरा पडलेल्या दिसल्या तर स्लिटच्या जबड्यात धूळ आहे. काडेपेटीतल्या काडीचं टोक तासून स्लिटमधून वरून खाली एकदा ओढ. टाचणी चुकूनही घालू नकोस, जबड्याला खाच पडली की ती स्लिट कायमची गेली. ग्रेटिंगला मात्र काडीही नको, रुमालही नको. आपल्याकडची ग्रेटिंग बहुधा काचेवर चिकटवलेल्या नाजूक पापुद्र्याची असतात. पुसलं की रेघाच पुसल्या जातात. कडेला धरायचं, धूळ फुग्याने उडवायची.

आपलं ग्रेटिंग इंचाला १५,००० रेघांचं, म्हणजे दोन रेघांतलं अंतर साधारण १.६९ मायक्रॉन. सोडियमची पिवळी रेषा पहिल्या ऑर्डरला २० अंशांच्या थोडी पुढे, दुसऱ्या ऑर्डरला ४४ अंशांवर. तिसरी? हिशोब केलास तर सायन थीटा १.०४ येतो, म्हणजे ती ऑर्डर नाहीच. कुणाच्या जर्नलमध्ये सोडियमच्या तिसऱ्या ऑर्डरचं रीडिंग सापडलं तर त्याला प्रेमाने जवळ बोलाव. पाऱ्याच्या जांभळ्या रेषेची तिसरी ऑर्डर मात्र दिसते, तेव्हा रागवायच्या आधी दिवा कुठला ते विचार.

सोडियमच्या दोन रेषा, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, पहिल्या ऑर्डरला फुटायला जड जातात. त्यांच्यात जेमतेम सव्वा मिनिटाचा कोन असतो आणि आपला व्हर्नियर एका मिनिटापर्यंतच वाचतो. दुसऱ्या ऑर्डरला हेच अंतर तीन मिनिटांवर जातं. तिथे जाऊन कॉलिमेटरची स्लिट हळूहळू बारीक कर. उजेड मंद होत जाईल आणि एका क्षणी एका जाड रेषेच्या दोन होतील. प्रत्येक मुलाला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे. रीडिंग राहिलं तरी चालेल.

सिंगल स्लिटचा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण तिथे अंदाज उलटा पडतो. फट बारीक केली की पडद्यावरचा उजेड पसरतो. ०.१ मिलिमीटरची फट, ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर आणि दोन मीटरवर भिंत घेतलीस तर मधला पट्टा २.६ सेंटिमीटर रुंद पडतो, बाजूचे त्याच्या निम्मे. फट अर्धी केलीस की सगळं दुप्पट. मुलं पट्ट्यांच्या उजळ भागाचा मध्य मोजतात. तसं करू देऊ नकोस. बाजूचे पट्टे नेमके दोन अंधारांच्या मध्यावर उजळत नाहीत, आतल्या बाजूला किंचित सरकलेले असतात. अंधाराच्या जागा मोजायच्या. डावीकडच्या तिसऱ्यापासून उजवीकडच्या तिसऱ्यापर्यंत अंतर घ्यायचं आणि सहाने भागायचं. मधला पट्टा इतका झगझगीत असतो की शेजारचा, जो त्याच्या पाच टक्केही नसतो, डोळ्याला सापडत नाही. भिंतीवर ग्राफ पेपर लाव, मधल्या पट्ट्याच्या जागी काळ्या कागदाची पट्टी चिकटव, दिवे घालवून पेन्सिलीने खुणा कर आणि दिवे लावून मोज.

फट नसेल तर अडून राहू नकोस. डोक्यावरचा एक केस फ्रेमवर ताणून लेसरसमोर धर. मधला झगझगीत ठिपका सोडला तर तेवढ्याच रुंदीच्या फटीसारखेच पट्टे पडतात आणि त्यावरून केसाची जाडी निघते. केसांची परंपरा जुनी आहे. १७८५ च्या सुमाराला फिलाडेल्फियात डेव्हिड रिटनहाऊस यांनी बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंवर केस ताणूनच ग्रेटिंग बनवलं होतं. फ्राउनहोफर यांची तारांची ग्रेटिंग्ज त्यानंतरची.

लेसर नेहमी टेबलाच्या उंचीवर आडवा बांध, हातात कुणी धरायचा नाही. बसून किंवा वाकून काम करणाऱ्या मुलाचे डोळे त्या उंचीला येऊ शकतात, म्हणून ते स्टेशन दाराकडे तोंड करून मांडू नकोस, भिंतीकडे कर. आणि घड्याळं, अंगठ्या, बांगड्या आधी काढायला लाव, त्यांवरून लेसर डोळ्यात परावर्तित होऊ शकतो.