चाकांची खुर्ची आणि हाताशी लागणाऱ्या वस्तू

चाकांची खुर्ची चालविणाऱ्याचे दोन्ही हात चाके फिरविण्यात गुंतलेले असतात. म्हणून फोन, पाण्याची बाटली, चष्मा या वस्तू खुर्चीलाच लावाव्या लागतात. त्याविषयी आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली भाराची. पाठीमागच्या मुठींना जड पिशवी अडकविली, तर चढणीवर खुर्ची मागे कलंडते. जड वस्तू बैठकीखाली मधोमध ठेवावी.

दुसरी पकडीची. खुर्चीची नळी बहुधा २२ ते २५ मिलीमीटर जाडीची व गुळगुळीत असते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर पकड आवळल्यास ती घसरत नाही.

तिसरी जागेची. पकड चाकाबाहेर आली तर दारात अडते; लोंबती दोरी आऱ्यांत गुंतते. ब्रेकची दांडी मोकळी राहावी.

चौथी सर्वांत महत्त्वाची. वस्तू कोठे हवी, हे बसणाऱ्यालाच विचारावे. फोन त्याला एका हाताने काढता आला पाहिजे. रात्री तो पलंगावर आणि फोन दूर खुर्चीला जखडलेला असेल, तर अडचणीच्या वेळी त्याने हाक कोणाला मारावी?