मानमोडी आणि घरातील इतर कोंबड्या

जालना जिल्ह्यातील ज्या घरी पाच-दहा गावरान कोंबड्या असतात, तेथे मीठमिरचीचा खर्च बहुधा अंड्यांवरच भागतो. असे खुराडे मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, काही दिवसांत रिकामे करतो.

रोगी कोंबडी प्रथम मलूल होते, चोच उघडून धापा टाकते व हिरवट पातळ विष्ठा टाकते. मान पिळवटते ती पुढे. मान वाकडी होण्याची वाट पाहणे घातक होय, कारण तोपर्यंत विष्ठेतून व लाळेतून रोगाचे विषाणू दाणापाण्यात मिसळलेले असतात. मलूल कोंबडी त्याच दिवशी दूर डालग्याखाली ठेवावी. निरोगी कोंबड्यांना आधी दाणा घालून आजारी कोंबडीकडे शेवटी जावे व हात साबणाने धुवावेत. ती आठवडी बाजारात विकून पैसे सोडविण्याची रीत मात्र रोग गावोगाव पोचविते. बाजारातून आणलेली कोंबडीही तीन आठवडे वेगळी ठेवावी.

या रोगावर औषध नाही, लस आहे. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा थेंब डोळ्यात घालावा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्यावी. लशीची एक कुपी अनेक पक्ष्यांना पुरते, पण कालविल्यावर टिकत नाही. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याने सबंध गल्लीच्या कोंबड्यांना एकाच पहाटे, खुराडी उघडण्यापूर्वी लस देववावी.

पुष्कळ पक्षी एकाएकी मेल्यास मानमोडीच असे समजू नये. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे जानेवारी २०२१ मध्ये अशा मरतुकीमागे बर्ड फ्लू निघाला. तो माणसासही होऊ शकतो. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांस हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.