परदेशच्या बाजाराचा नियम कोण करतो?

आपला माल परदेशीं जातांना निर्यातदार, आयातदार व दुकानदार अशा अनेक हातांतून जातो. ह्या सांखळींत हुकूम कोणाचा चालतो, हें ओळखणें अवश्य आहे.

द्राक्षांचेंच उदाहरण घेऊं. सन १९९७ मध्यें युरोपांतील मोठ्या दुकानदारांनीं एकत्र येऊन शेतीच्या रीतीचे नियम घालण्यास आरंभ केला. सन २००७ पासून ते ‘ग्लोबलगॅप’ ह्या नांवानें चालतात. हे सरकारी कायदे नव्हेत. तथापि ते न पाळणाऱ्याचा माल तीं दुकानें घेत नाहींत.

ह्याखेरीज तेथील सरकारचा कायदा आहेच. सन २०१० मध्यें क्लोरमेक्वाट ह्या वाढरोधकाचा अंश किलोस ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेहून अधिक आढळल्यामुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडलीं. आपल्याकडील तपासणीच्या यादींत त्याचें नांवच नव्हतें. नियम तिकडे झाला, नुकसान इकडे सोसावें लागलें.

ह्यावर उपाय दोन. पहिला, चोख दप्तर. सन २००६ पासून निर्यातीच्या बागांची नोंद ‘ग्रेपनेट’वर होते, जमिनीस जसा सातबारा, तशी मालास ही नोंद. फवारणीची तारीख, औषध व प्रमाण त्याच दिवशीं लिहावें.

दुसरा उपाय एकीचा. सन १९९१ मध्यें द्राक्ष सहकारी संस्थांनीं मिळून ‘महाग्रेप्स’ उभी केली, ती ह्याच विचारानें. हंगामापूर्वीं नवी यादी मागवून, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेऊन ती सभासदांस मराठींत वाचून दाखविणें, हें संस्थेचें काम आहे. एकट्यास तें होणें कठीण.