व्यवसायासाठी जागेची निवड : भाड्यापलीकडचा हिशेब

लघुउद्योजकाचे भांडवल यंत्रे आणि माल यांत जसे गुंतते, तसेच ते जागेतही गुंतते. न खपलेला माल कमी दरात काढून टाकता येतो. चुकीच्या जागेचा तोटा मात्र दरमहा सोसावा लागतो. तरीही जागा ठरवताना बहुधा केवळ भाड्याचाच विचार होतो.

बाजारपेठेचे सान्निध्य

जबलपूरच्या मध्यवर्ती ओमती भागाचे उदाहरण बोलके आहे. मुंबई आणि हावडा यांना जोडणारा लोहमार्ग 1870 मध्ये जबलपूर येथे एकत्र आला. 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना, तर 1956 मध्ये मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय या शहरात आले. कामगार, कर्मचारी व पक्षकार यांच्या वर्दळीमुळे मध्यवर्ती दुकानाला गिऱ्हाईक सहज मिळते. परंतु ओमती याच नावाचा नालाही शहरातून वाहतो. नाल्यालगतच्या सखल गाळ्यात धान्य, कापड किंवा कागद साठवू इच्छिणाऱ्याने पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, याची चौकशी आधीच करावी.

एकूण खर्च

जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी 1909 मध्ये उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धांत मांडताना वाहतूक खर्च, मजुरी आणि उद्योगांचे केंद्रीकरण यांना महत्त्व दिले. लहान दुकानालाही हेच गणित लागू पडते. समजा, बाजारातील गाळ्याचे भाडे 12,000 रुपये आणि दूरच्या गाळ्याचे 8,000 रुपये आहे. दूरच्या जागी माल नेण्यास रोज 180 रुपये अधिक लागत असतील, तर 26 दिवसांचे 4,680 रुपये होतात. स्वस्त जागा महाग ठरते.

जागेचा हक्क

बेळगाव येथील कारखान्याच्या जागेवर शहराचा विस्तार होणार असल्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांना ती जागा सोडावी लागली. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल येथील ओसाड माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. माळ ओसाड असला तरी रेल्वे स्थानक जवळ होते. लोखंड व कोळसा आणणे आणि तयार नांगर पाठवणे त्यामुळे शक्य झाले. शिवाय, पुन्हा उठावे लागण्याची भीती उरली नाही.

भाडेकरूसाठी ही सुरक्षितता करारातून येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार, करार किंवा स्थानिक कायदा वेगळे सांगत नसेल, तर दुकानाचा भाडेपट्टा 15 दिवसांच्या आणि उत्पादनासाठीचा 6 महिन्यांच्या नोटिशीने संपुष्टात आणता येतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीचा खर्च वाचवण्यासाठी 11 महिन्यांचा करार करून फर्निचर, वीजजोडणी व यंत्रांच्या पायावर मोठी रक्कम खर्च करणे म्हणूनच धोक्याचे आहे. गुंतवणूक वसूल होण्यास जितकी वर्षे लागतील, किमान तितक्या मुदतीचा हक्क हाती असावा.

अनामत रक्कम देण्यापूर्वी मालकीची कागदपत्रे, जागेचा मंजूर वापर, थकीत कर व वीजबिल तपासावे आणि ती जागा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहावी. या चौकशीला थोडे दिवस लागतात. ती टाळल्यास आयुष्याची बचत पणाला लागते.